कर्वेनगरचा बंद फ्लॅट भाड्याने द्यावा का, आणि नोटरीवर भागेल का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असा आहे: वडिलांनी निवृत्तीच्या पैशातून कर्वेनगरला दोन बेडरूमचा फ्लॅट घेतला, तो त्यांच्याच नावावर आहे. तुम्ही सगळे नाशिकला, त्यामुळे फ्लॅट वर्षभर बंद. एजंटने एक कुटुंब आणलंय, नवरा-बायको आणि सहा वर्षांचा मुलगा. भाडं २४,००० द्यायला तयार आहेत. एजंट म्हणतो, अकरा महिन्यांचंच तर आहे, पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी करून टाकू, रजिस्ट्रेशनचा खर्च कशाला. वडील म्हणतात, भाडेकरू एकदा घुसला की निघत नाही, त्यापेक्षा टाळंच बरं. आणि तुम्ही विचारताय की माणसं चांगली आहेत हे ओळखायचं कसं, डिपॉझिट किती घ्यायचं, आणि हे नीट जमलं तर कर्ज काढून आणखी एक फ्लॅट भाड्यासाठी घ्यावा का.

मी बावीस वर्षं पुण्यात हेच करते आहे. घरचे दोन फ्लॅट, आणि परगावी किंवा परदेशी असलेल्या नातेवाइकांचे, ओळखीच्यांचे मिळून नऊ. मी वकील नाही. पण करार, चाव्या, गळके नळ आणि दोनदा कोर्टाची पायरी, एवढं सगळं हाताखालून गेलंय.

तुम्ही माणूस ओळखण्याबद्दल विचारलंय, पण तुमची खरी अडचण तिथे नाही असं मला वाटतं. घर सोडताना अडलेली माणसं मी पाहिली आहेत, त्यातली बहुतेक चांगलीच होती. कुणाची नोकरी गेली, कुणाच्या मुलीची दहावी मार्चमध्ये, कुणाचा स्वतःचा फ्लॅट बिल्डरने वर्षभर लांबवला. माणूस चांगला असूनही मुदत संपल्याच्या दिवशी चावी देऊ शकला नाही तर तुमच्या हातात काय आहे, हा तुमचा प्रश्न आहे. त्याचं उत्तर चावी देण्याच्या आधी तयार करावं लागतं.

आधी वडिलांच्या भीतीबद्दल, कारण ती उगाच नाही. त्यांच्या पिढीने १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा पाहिलाय. त्यात भाडी १९४० च्या पातळीला बांधली गेली आणि पेठांमधल्या वाड्यांत पिढ्यान् पिढ्या नाममात्र भाड्यावर कुळं राहिली. पुढे १९७३ मध्ये दुरुस्ती आली: १ फेब्रुवारी १९७३ रोजी जो लायसन्सवर राहत होता, तो भाडेकरू मानला गेला. ज्या मालकांनी 'हे तर फक्त लायसन्स आहे' म्हणून घर दिलं होतं, त्यांच्या घरात एका रात्रीत कूळ तयार झालं. हे ज्यांच्या घरात घडलं ते लोक टाळंच लावणार, मला त्यांचं म्हणणं समजतं.

पण ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ लागू आहे आणि त्यात लीव्ह अँड लायसन्सची वाट वेगळी आखली आहे. लायसन्स म्हणजे ठरलेल्या काळासाठी वापरायची परवानगी. घरात त्या माणसाचा हक्क तयार होत नाही. कायद्याच्या कलम २४ प्रमाणे राहण्यासाठी दिलेल्या घराची मुदत संपली आणि लायसन्सदार हलला नाही, तर मालक दिवाणी कोर्टाच्या लांबच्या रस्त्याने न जाता सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे या कामासाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करू शकतो. समोरच्याला बचाव मांडायचा असेल तर समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत त्याला तशी परवानगी मागावी लागते. मुदतीनंतर तो जितका राहिला, तितक्या काळाची भरपाई ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट दराने. 'बारा वर्षं राहिला की घर त्याचं' हेही वडिलांच्या मनातून काढून टाका. तुमच्या परवानगीने राहणाऱ्याला तो दावा लागू पडत नाही.

आता एजंटच्या नोटरीकडे येते, कारण तुमचं नुकसान झालं तर इथेच होईल. अकरा महिन्यांची पद्धत आली ती केंद्राच्या नोंदणी कायद्यावरून. त्यात एक वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची आहे. म्हणून देशभर लोक अकरा महिने लिहितात. महाराष्ट्रात मात्र भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५ आहे. करार लेखी हवा आणि नोंदणीकृत हवा, मुदत अकरा महिने असो की तीन. नोंदणीची जबाबदारी मालकावर. केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि दंडापेक्षा मोठी गोष्ट पुढे आहे: नोंदणीकृत करार नसेल तर कोणत्या अटींवर घर दिलं याबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते खरं धरलं जातं, तुम्ही उलट सिद्ध करेपर्यंत.

हे मी एकदा जवळून पाहिलं. माझ्या मावसभावाचा सिंहगड रोडचा फ्लॅट, २००९ साली. तेव्हा मी मध्ये नव्हते, एजंटने नोटरी केली होती. डिपॉझिट ५०,०००, तेही रोख. मुदत संपल्यावर भाडेकरू म्हणाला, डिपॉझिट दोन लाख दिलंय, आणि पाच वर्षं राहायचं तोंडी ठरलंय. भावाकडे बँकेची एकही नोंद नव्हती, कारण भाडंही रोख. त्याच्या हातात नोटरीच्या कागदाची एक झेरॉक्स, आणि त्यावरची सही वाचता येत नव्हती. चौदा महिने गेले. शेवटी भावाने एक लाख वीस हजार देऊन चावी परत घेतली. म्हणजे घेतलेल्या डिपॉझिटच्या दुपटीहून जास्त देऊन आपलंच घर सोडवलं.

नोंदणीचा खर्च किती, ते तुमच्याच आकड्यांवर काढून दाखवते. भाडं २४,०००, अकरा महिन्यांचे २,६४,०००. डिपॉझिट समजा ७२,०००. त्यावर वर्षाला दहा टक्के दराने व्याज धरतात, अकरा महिन्यांचे ६,६००. बेरीज २,७०,६००. मुद्रांक शुल्क याच्या पाव टक्का, म्हणजे ६७६ रुपये आणि काही पैसे, सातशे धरा. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. वर घरी मशीन घेऊन येणाऱ्या माणसाची मजुरी. ऑनलाइन नोंदणीत दोन्ही बाजूंचा आधार आणि अंगठा लागतो, कचेरीत जावं लागत नाही. फ्लॅट वडिलांच्या नावावर आहे, म्हणून मालक म्हणून अंगठा वडिलांचाच; तुम्ही त्यांच्या वतीने सही करून चालणार नाही. ते प्रवास करू शकत नसतील तर कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अटर्नी) आधी करून घ्या. काम झालं की नोंदणी झालेल्या कराराची प्रत आणि इंडेक्स टू, म्हणजे नोंदणीचा सरकारी उतारा, दोन्ही स्वतःकडे ठेवा. एजंटच्या मोबाइलमध्ये आहे म्हणजे तुमच्याकडे आहे असं समजू नका.

नोंदणीकृत करार असला की सगळं आपोआप होतं, असंही नाही. वारज्यातल्या एका फ्लॅटच्या वेळी मला सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागला. करार चोख होता, भाडं बँकेतून येत होतं. तरी नऊ महिने लागले, आणि आदेश व्हायच्या आधी तडजोड झाली. समोरच्या वकिलाने दुप्पट भरपाईचा हिशेब मांडून पाहिला आणि त्यानेच अशिलाला समजावलं. किती वेळ लागेल हे त्या वेळी तिथे किती प्रकरणं आहेत यावर असतं. पण भावाच्या प्रकरणात आम्ही 'मुळात ठरलं काय होतं' यावर भांडत होतो, आणि इथे तो वाद उभाच राहिला नाही. नोंदलेला लायसन्सचा करार त्यात लिहिलेल्या गोष्टींचा निर्णायक पुरावा धरला जातो.

याच ओघात सांगते: वेळ आलीच तर कुलूप बदलणं, पाणी तोडणं, मीटर काढायला लावणं, यातलं काहीही करू नका. अत्यावश्यक सेवा तोडायला हाच कायदा मनाई करतो, आणि बळाने बाहेर काढलेला माणूस सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागू शकतो. शिवाय त्या घरात एक सहा वर्षांचं मूल असणार आहे.

मुदत संपल्यावर गप्प बसून भाडं घेत राहणं, ही दुसरी चूक. 'माणसं चांगली आहेत, करूच की करार निवांत' असं करता करता आठ महिने जातात, आणि मग तुमच्यात नवा करार झाला होता की नव्हता याचा वाद सुरू होतो. मी मुदतीच्या साठ दिवस आधी विचारते: राहणार की जाणार? राहणार असतील तर जुनी मुदत संपायच्या आत नवा करार. जाणार असतील तर तारीख मेसेजवर लिहून घेते. भाडेवाढीवर फार ताणू नका. समजा तुम्हाला महिन्याला १,२०० जास्त हवेत आणि त्यावरून ते गेले. फ्लॅट एक महिना रिकामा राहिला तरी ते २४,००० भरून यायला वीस महिने लागतात.

माणसं कशी निवडायची? मी आडनाव विचारत नाही आणि जेवणात काय असतं तेही विचारत नाही. तीन गोष्टी बघते. उत्पन्न भाड्याच्या तिप्पट आहे का, पगारपत्रकावरून. आधीच्या घरमालकाचा फोन नंबर, आणि मी खरंच फोन करते. सध्याच्या नव्हे, त्याच्याही आधीच्या मालकाला. सध्याच्याला ते घर सोडायला हवे असतील तर तो कौतुकच करेल. तिसरं, जुनं घर का सोडताय, हे नवरा आणि बायको दोघांना, जमलं तर वेगवेगळं विचारते. 'मुलाची शाळा इथून जवळ' हे मला सर्वांत आवडणारं उत्तर आहे, कारण ते कुटुंब दोन-तीन वर्षं सहज टिकतं. राहणाऱ्या प्रत्येक प्रौढ माणसाचं नाव करारात हवं. नोकरी करणारी एकटी मुलं-मुलीही मला चांगली लाभली आहेत. फक्त चार जण राहणार असतील तर चौघांचे अंगठे.

डिपॉझिट पुण्यात साधारण दोन-तीन महिन्यांचं घेतात, मी तीन घेते. बँकेतून, करारात आकडा लिहून. आणि परत देताना त्याच दिवशी, चावी घेताना देते. डिपॉझिट अडकवून ठेवण्याची आणि 'रंगासाठी एक महिन्याचं भाडं कापायचं' ही सवय मला मुळीच पटत नाही. तीन वर्षं माणूस राहिला तर भिंत मळणारच. ते त्याने दिलेल्या भाड्यातच आलं. फुटलेलं बेसिन आणि मळलेली भिंत यात फरक करा आणि तो आधीच करारात लिहा. तुमचा डिपॉझिटबद्दलचा लौकिक एजंटांमध्ये पसरतो, आणि चांगले भाडेकरू त्यावरून येतात.

आता चावी द्यायचा दिवस. यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते, दीड-दोन तास. दुपारी उजेडात जाते, भाडेकरूला सोबत घेऊनच. आधी मीटरच्या खोलीत जाऊन महावितरणच्या मीटरचा फोटो, आकडा स्पष्ट दिसेल असा. मग प्रत्येक नळ पूर्ण सोडून बघायचा, सिंकखाली हात फिरवून ओल आहे का ते पाहायचं. फ्लश दोनदा. गीझर पंधरा मिनिटं चालू ठेवून पाणी गरम येतं का. पंखा प्रत्येक वेगावर. खिडकीच्या जाळ्या, बाल्कनीच्या दाराची कडी, ओट्याच्या कडप्प्याला आधीपासून असलेला टवका. बाथरूमच्या मागच्या भिंतीचा फोटो दुरून आणि जवळून, कारण ओल कुणामुळे आली हा वाद तिथेच होतो. सगळे फोटो त्याच वेळी भाडेकरूला पाठवायचे आणि त्याच्याकडून 'मिळाले' असं उत्तर घ्यायचं. वस्तूंची यादी कराराला जोडायची: पंखे पाच, ट्यूब सहा, पडद्याचे रॉड चार, चाव्यांचे जुडगे दोन. वर्षभर बंद असलेल्या घरात वॉशर सुकलेले असतात. त्यामुळे चावी देण्याच्या आठवडाभर आधी प्लंबर नेऊन नळ, फ्लश आणि गीझरचा सेफ्टी व्हॉल्व्ह बघून घ्या. नाहीतर पहिल्याच आठवड्यात फोन येईल आणि नातं तक्रारीने सुरू होईल.

मागच्या जूनमध्ये असंच एक घर देताना त्या बाईंनी माझ्या आधी किचनच्या खिडकीखालचा काळा डाग दाखवला. मी तो कधी पाहिलाच नव्हता. वरच्या फ्लॅटच्या सिंकची गळती निघाली. त्या डागाचा फोटो यादीत नसता, तर अकरा महिन्यांनी मी तो त्यांच्या नावावर टाकला असता, अगदी प्रामाणिकपणे.

बाकीची कामं लहान आहेत, पण राहून जातात. भाडेकरूची माहिती पोलिसांना द्या, ऑनलाइन होते. त्याबद्दलचे आदेश मोडले तर गुन्हा मालकावर येतो. सोसायटीला कराराची प्रत द्या. घर भाड्याने द्यायला सोसायटीची परवानगी लागत नाही, कळवणं पुरतं. सोसायटी नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस, म्हणजे मालक स्वतः राहत नसल्याबद्दलचं शुल्क, घेईल, पण १ ऑगस्ट २००१ च्या सरकारी आदेशाप्रमाणे ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त घेता येत नाहीत. कर त्या हिशेबात धरायचे नाहीत. कुणी महिन्याला दोन हजार सांगितले तर हा आदेश दाखवा. पुणे महापालिका स्वतः राहत्या घराला मिळकतकरात ४० टक्के सवलत देते, ती भाड्याच्या घराला मिळत नाही. तो फरक हिशेबात धरा. भाडं तुमच्या खात्यात आलं तरी आयकर वडिलांच्या उत्पन्नावर लागेल, कारण मालक ते आहेत. भरलेला मिळकतकर वजा करून उरलेल्या रकमेतून सरसकट ३० टक्के वजावट मिळते, दुरुस्तीच्या पावत्या असोत नसोत. म्हणून भाडं सरळ वडिलांच्याच खात्यात घ्या, पुढचा गोंधळ टळतो.

माझं हे सगळं राहत्या घराबद्दल आणि महाराष्ट्राबद्दल आहे. फ्लॅट ऑफिसला किंवा क्लासला देणार असाल तर कलम २४ ची ती वाट मिळणार नाही. फ्लॅट उद्या दोघा भावंडांच्या नावावर झाला तर करारात दोघंही हवेत. असं काही असेल तर आधी वकिलाला कागद दाखवा, हजार-दोन हजार फी जाईल.

राहिला दुसरा फ्लॅट. इथे मी तुम्हाला थांबवते. समजा तसाच फ्लॅट ८० लाखांना मिळाला आणि भाडं २४,००० आलं, तर वर्षाचे २,८८,०००, म्हणजे ३.६ टक्के. त्यातून मेंटेनन्सचे ३०,०००, मिळकतकर १५,०००, एक महिना रिकामा गेला तर २४,०००, दुरुस्तीला १५,००० काढा. उरतात २,०४,०००, अडीच टक्क्यांच्या जरा वर. कर्जाचं व्याज त्याहून कितीतरी जास्त. दरवर्षी खिशातून भर घालावी लागेल, आणि नव्या कररचनेत भाड्याच्या घराचा हा तोटा पगारातून वजाही करता येत नाही. किंमत वाढेल या भरवशावर लोक घेतात. काहींची वाढली, काहींची दहा वर्षं तिथेच राहिली. वडिलांचा फ्लॅट कर्जाशिवाय आहे म्हणूनच त्याचं भाडं खरं उत्पन्न आहे. आधी हा एक फ्लॅट दोन वर्षं चालवून बघा. कुठला खर्च अचानक येतो आणि नाशिकहून हे किती झेपतं, ते तेवढ्यात कळेल.

तेव्हा या कुटुंबाला द्या, नोटरी नको म्हणून एजंटला स्पष्ट सांगा. तो कुरकुरला तर नोंदणी करून देणारे दुसरे कर्वेनगरात गल्लोगल्ली आहेत. आणि चावी द्यायच्या दिवशी वडिलांना सोबत आणा. मीटरचा आकडा त्यांनाच वहीत लिहू द्या, चाव्यांचे जुडगे त्यांनाच मोजू द्या. त्या सहा वर्षांच्या मुलाला कुठली खोली मिळणार हेही त्याच दिवशी त्यांच्या कानावर पडू दे.